बहुश्रुतपणाचे ऋण

बहुश्रुत मनुष्याचा मान आपल्याकडे मोठा. आकाशातील ताऱ्यांपासून बाजारातील कांद्यापर्यंत आणि परदेशातील लढायांपासून घाटमाथ्यावरील पावसापर्यंत ज्याला चार गोष्टी सांगता येतात, त्याच्याभोवती माणसे जमतात आणि त्याच्या संगतीत संध्याकाळ बरी जाते. एके काळी ही हौस मासिकाच्या शेवटच्या पानांवरील किरकोळ माहितीवर भागत असे. आता वर्तमानपत्रे, दूरचित्रवाणी आणि हातातला फोन यांच्या योगाने तिला अहोरात्र खाद्य मिळते. साधनांचा असा सुकाळ झाला असता एक जुनाच प्रश्न नव्याने विचारावासा वाटतो. पुष्कळ जाणणे हा सद्गुण आहे, की ती केवळ निरुपद्रवी करमणूक आहे? आणि ज्याने जाणले, त्याच्याकडे त्या जाणण्यापायी काही देणे निघते काय?

असले प्रश्न हवेत सोडविण्यापेक्षा कोठे तरी जमिनीवर पाय रोवून सोडवावेत, हे बरे. त्याकरिता पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव हे दोन शेजारी तालुके मी निवडतो. शास्त्र, अर्थकारण आणि जगाची उलथापालथ ही तिन्ही या लहानशा टापूत एकमेकांना येऊन भेटतात. आणि पुण्यामुंबईच्या वाचकाला तो टापू फार दूरचाही नाही, फार ओळखीचाही नाही.

प्रथम कुतूहलाची बाजू मांडू. ‘जगाच्या चौकशा कशाला? आपले आपण पाहावे,’ असे म्हणणारे शहाणे पुष्कळ असतात. परंतु जग आपल्या दारात येण्यास आपल्या परवानगीची वाट पाहत नाही. कुकडीच्या काठी बोरी येथे राखेचा एक थर सापडला आहे. ती राख सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची, असे भूशास्त्रज्ञ मानतात. ती पाऊण लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकातील की त्याहून कितीतरी लाख वर्षे जुनी, याविषयी विद्वानांत वाद आहे. पण ती समुद्रापलीकडून आली, याविषयी नाही. पुढे सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडून येणारा माल नाणेघाट चढून जुन्नरास येई. घाटाच्या माथ्यावरील लेण्यात नागनिका राणीच्या लेखात यज्ञांच्या दक्षिणांचे आकडे कोरलेले आहेत, आणि आपल्या अंकांच्या इतिहासात त्या आकड्यांना मोलाचे स्थान आहे. जुन्नरच्या लेण्यांत एका लेखावरून इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दान केल्याचे कळते. दुसऱ्या लेखात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व एक टाके दिल्याचे नमूद आहे. ‘आपले’ आणि ‘जगाचे’ अशी भिंत ज्याला घालावयाची असेल, त्याने ती निदान जुन्नरात घालू नये.

तेव्हा कुतूहल निंद्य नव्हे. त्याच्या अभावी मनुष्य आपल्या आळीलाच ब्रह्मांड समजू लागतो. परंतु कुतूहलाची एक खोड आहे. त्याला नवीन हवे असते, आणि नवीन हे क्षणात जुने होते. भूकंपाच्या बातमीने हळहळलेले मन पान उलटताच क्रिकेटच्या धावांत रमते. यात दुष्टपणा नाही. तथापि अशा शेकडो बातम्या मनावरून वाहून गेल्यावर ‘आपल्याला सर्व ठाऊक आहे’ असे एक समाधान मागे उरते, आणि ते समाधान मात्र फसवे असते. कारण कोणतेही ज्ञान आपल्यापर्यंत फुकट पोचत नाही. त्याची किंमत कोणी तरी, कोठे तरी भरलेली असते.

जुन्नर तालुक्यात नारायणगावाजवळ खोडद येथे रेडिओ लहरी टिपणारी महाकाय दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, आणि त्यांचा पसारा सुमारे २५ किलोमीटरांचा. तबकड्या तारांच्या जाळीच्या आहेत. त्यांतून वारा आरपार जातो, म्हणून त्या हलक्या व थोड्या खर्चात करता आल्या. २०२३ च्या जूनमध्ये एक मोठी वार्ता जगभर गेली. विश्वात अशा गुरुत्वीय लहरी सतत पसरत आहेत की त्यांच्या एका आंदोलनाला वर्षानुवर्षे लागतात, आणि त्यांचा पुरावा हाती येत आहे. निरनिराळ्या देशांतील शास्त्रज्ञांच्या गटांनी हे जाहीर केले. त्यांत युरोपातील दुर्बिणींच्या सुमारे २५ वर्षांच्या टिपणांना खोडदच्या टिपणांची जोड होती. आपणांपैकी पुष्कळांनी ती वार्ता अभिमानाने वाचली.

त्या अभिमानाची किंमत कोणी भरली? दूरच्या ताऱ्यांचा आवाज इतका क्षीण की त्याकरिता भोवताली रेडिओ लहरींची शांतता लागते. डोंगरांच्या आडोशामुळे ती काहीशी आपोआप मिळाली; उरलेली माणसांना पाळावी लागते. भोवतालच्या मुलखात उद्योग काढण्यावर त्यापायी बंधने आली. पुणे-नाशिक जलद रेल्वेची नारायणगावाजवळून जाणारी मूळ आखणी अलीकडे बाजूस ठेवण्यात आली, तेव्हा रेल्वे मंत्रालयाने दुर्बिणीच्या कामात व्यत्यय येईल हेच कारण सांगितले. दुर्बीण नको, असे यावरून म्हणावयाचे नाही. ती हवीच. परंतु विश्वाचे रहस्य ऐकून आपण सुखावलो, त्या सुखासाठी मंचर-नारायणगावच्या तरुणाने आपल्या आगगाडीची वाट आणखी काही काळ पाहावी, हा हिशेब आपल्या वहीत कोठे मांडलेला नसतो.

बाजारभावाच्या वार्तेचेही तसेच. २०२३ च्या जुलैत टोमॅटो किरकोळ बाजारात शंभर रुपये किलोच्या वर गेला आणि घरोघर तोच विषय झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. ती २०२४ च्या ४ मे रोजी उठली, आणि उठतानाही ४० टक्के कर मागे राहिला. शहरातील गृहिणीला बंदीमुळे दिलासा वाटला असेल, आणि तो रास्तच होता. परंतु त्याच निर्णयाने ओतूर व मंचरच्या बाजारात कांदा घेऊन आलेल्या शेतकऱ्याचा भाव पडला, आणि बांगलादेशातील स्वयंपाकघरात तो चढला. निर्णय एक, चुली तीन. आपण वाचली ती एकाच चुलीची बातमी. भाव चढला म्हणजे मथळा होतो. तो पडला आणि टोमॅटो रस्त्याच्या कडेला ओतावा लागला, तर त्याचा मथळा पुष्कळदा होतच नाही. ज्याचे कुतूहल केवळ मथळ्यांवर पोसले जाते, त्याला अर्धेच जग दिसते.

येथे एक आक्षेप येईल आणि तो प्रामाणिक आहे. ‘प्रत्येक बातमीचे ऋण मानावयाचे ठरविले तर मनुष्याने जगावे कसे? दररोज शेकडो दुःखे कानांवर येतात. सर्वांची आस्था बाळगणे देवाला साधेल, माणसाला साधावयाचे नाही.’ हे खरे आहे. सर्वांची आस्था बाळगतो असे जो म्हणतो, तो बहुधा कोणाचीच बाळगीत नाही. परंतु यावरून ऋण खोटे ठरत नाही. ते फेडावयाचे कसे, एवढाच प्रश्न उरतो.

त्याचे उत्तर आंबेगाव तालुक्यात मिळते, आणि ते फार दारुण प्रसंगातून मिळते. ३० जुलै २०१४ रोजी भल्या सकाळी, अतिवृष्टीत, भीमाशंकरच्या डोंगररांगेतील माळीण गावावर कडा कोसळला. सुमारे ४० घरे गाडली गेली आणि १५१ माणसे मृत्युमुखी पडली. ही वार्ता बाहेरच्या जगाला कोणी दिली? त्या मार्गाने एस.टी.ची गाडी नेणाऱ्या चालकाने. ओळखीच्या वाटेवरचे गाव त्याला दिसेना. गावाच्या जागी चिखलाचा ढीग होता. शेजारच्या तालुक्यात कोट्यवधी वर्षांपूर्वीचे अंतराळातील संदेश टिपणारे कान सज्ज असताना, या गावाचा अखेरचा संदेश एका बसचालकाच्या डोळ्यांनी टिपला. यात दुर्बिणीचा दोष नाही. तिचे काम वेगळे. शिकण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. चालक त्या डोंगराविषयी फार काही वाचून होता, म्हणून त्याला कळले, असे नव्हे. तो त्या वाटेने जात-येत असे, म्हणून कळले. जे आहे ते कोणासही दिसते. जे नाहीसे झाले, ते केवळ परिचिताला दिसते.

नवल असे की खोडदचा शोधही याच जातीचा आहे. ज्या स्पंदक ताऱ्यांवरून गुरुत्वीय लहरींचा माग लागला, त्यांचे स्पंद घड्याळाच्या ठोक्यांप्रमाणे नियमित येतात. एखादा स्पंद सेकंदाच्या दशलक्षांशाहूनही कमी काळाने पुढे-मागे झाला, तर ते कोणाच्या ध्यानात येईल? ज्याने तेच ठोके वर्षानुवर्षे न कंटाळता मोजले, त्याच्याच. बसचालक आणि खगोलशास्त्रज्ञ यांच्या विद्येत जमीन-अस्मानाचे अंतर असेल. त्यांचा गुण मात्र एक. दोघांनीही नव्याच्या मागे न धावता तीच वाट पुनःपुन्हा चालली.

हा गुण नसला म्हणजे सदिच्छाही घात करते. जुन्नरमध्ये बिबट्यांचा उपद्रव वाढला तेव्हा सहज सुचणारा उपाय करण्यात आला : बिबटे पकडावेत आणि दूरच्या रानात सोडून द्यावेत. वाचणाऱ्या कोणासही तो शहाणपणाचा वाटला असता. परंतु डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हल्ल्यांच्या नोंदी वर्षवार तपासल्या, आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासातून उलटेच निष्पन्न झाले. १९९३ ते २००१ या काळात जुन्नर भागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. बिबटे हलविण्याचा सपाटा चालला त्या २००१ ते २००३ या काळात ते सरासरी १७ झाले, आणि जेथे जनावरे सोडली त्या मुलखाजवळही माणसांवर संकट आले. आपले संकट दुसऱ्याच्या रानात नेऊन सोडण्याने ते संपत नाही, हा धडा बिबट्यांपुरता नाही. धरणांचे पाणी, त्यावरील ऊस आणि उसातील लपण यांनी हा प्रश्न घडविला आहे, आणि त्या उसाची साखर आपल्या चहात आहे. बिबट्याची बातमी वाचून ‘अरेरे’ म्हणणारा वाचक त्या प्रश्नाच्या बाहेर उभा नाही.

तेव्हा माझे उत्तर असे. पुष्कळ जाणणे हा स्वतः सद्गुणही नव्हे आणि दुर्गुणही नव्हे. ते भांडवल आहे. वाचकाने खुशाल चहूकडे फिरावे, ताऱ्यांचे ऐकावे, बाजाराचे वाचावे, परदेशांच्या घडामोडी चवीने बोलाव्यात. परंतु त्या सर्वांतून एखादी-दुसरी गोष्ट तरी अशी निवडावी की तिची नवलाई ओसरल्यावरही तिची चौकशी आपण सोडणार नाही. एक नदी, एक पीक, एक शाळा, एक कायदा, एक डोंगर, काहीही चालेल. केरळातील वायनाड येथे दरडींनी शेकडो माणसांचा बळी घेतला तो दिवस ३० जुलै २०२४ चा. माळीणला त्याच दिवशी बरोबर १० वर्षे पूर्ण झाली होती. दोन्ही ठिकाणे सह्याद्रीच्याच रांगेतली. त्या दिवशी हळहळलेल्या किती घरांत माळीणचे नाव निघाले असेल? जेथे निघाले, तेथे ‘या १० वर्षांत उतारांवर काय बांधले, काय खणले, कोणाला सावध केले?’ हा पुढचा प्रश्नही निघाला असेल. आणि असा प्रश्न पुष्कळ घरांतून, पुष्कळ वर्षे, न कंटाळता विचारला गेला, तर तो अधिकाऱ्यांच्या मेजापर्यंत पोचल्यावाचून राहत नाही.

आपल्या भाषेत या नेमाला फार सुंदर शब्द आहे : वारी. वारकरी जगातील सर्व तीर्थे पाहिल्याची प्रौढी मिरवीत नाही. तो एकाच वाटेने दरसाल जातो, आणि म्हणून त्या वाटेवरचे कोणते झाड पडले, कोणती विहीर आटली, हे त्याला ठाऊक असते. ज्ञानातही प्रवास पुष्कळ करावेत. वारी मात्र एक तरी धरावी. बहुश्रुतपणाचे ऋण सबंध फिटावयाचे नाही, परंतु त्याचे व्याज याच मार्गाने देता येते. जुन्नरच्या लेण्यांत त्या परदेशी इरिलाविषयी आणखी फारसे काही उरले नाही. तो काय जाणत होता, किती देश हिंडला, हे सर्व काळाच्या पोटात गेले. राहिली ती त्याने खोदविलेली पाण्याची दोन टाकी.