फळ हिरावलेल्याला त्यागाचा उपदेश

9 जुलै 1948 रोजी कृष्णवर्णीय पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) सॅचेल पेज क्लीव्हलंड इंडियन्सकडून अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलच्या मैदानात पहिल्यांदा उतरला, तेव्हा त्याचं वय होतं 42. बहुतेक पिचर त्या वयाच्या कितीतरी आधी निवृत्त झालेले असतात. पेजने त्या मोसमात सहा सामने जिंकून दिले, एकच गमावला. क्लीव्हलंडने त्याच वर्षी वर्ल्ड सीरीज जिंकली.

मग आधीची वीस-बावीस वर्षं तो कुठे होता? खेळतच होता. अलाबामातल्या मोबाइल गावचा हा गरीब मुलगा किरकोळ चोरीपायी सुधारगृहात गेला आणि तिथेच पिचिंग शिकला. 1926 पासून चॅटनुगा, बर्मिंगहॅम, पिट्सबर्ग, कॅन्सस सिटी अशा शहरांतल्या कृष्णवर्णीयांच्या संघांतून तो खेळला. हॉटेलं दारं उघडत नसत, म्हणून हे खेळाडू अनेकदा बसमध्येच झोपत. मोसम संपला की डिझी डीन, बॉब फेलर यांच्यासारखे नामवंत गोरे पिचर त्याच्याविरुद्ध प्रदर्शनी सामने खेळत आणि स्टेडियम भरे. मेजर लीगमध्ये मात्र त्याला जागा नव्हती. कृष्णवर्णीयांना घ्यायचं नाही असा लेखी नियम नव्हता. संघमालकांची आपसातली समजूत तेवढी होती.

अशा आयुष्याकडे पाहताना आपल्याला गीतेतला निष्काम कर्मयोग चटकन आठवतो. पेजने फळाची पर्वा न करता कर्म केलं, असं म्हणून टाकणं सोपं आहे. पण ते खरं नाही. पेजला फळ हवं होतं, आणि ते तो ठणकावून मागत असे. 1937 साली जास्त पैसे मिळतात म्हणून तो पिट्सबर्गचा संघ सोडून डोमिनिकन रिपब्लिकमध्ये, हुकूमशहा त्रुहियोच्या नावाने उभ्या केलेल्या संघाकडून खेळायला गेला. यात त्याचं काय चुकलं? फळाचा त्याग करायचा, तर आधी फळावर हक्क असावा लागतो. अर्जुनाला केलेला उपदेश दुसऱ्याचं फळ हिसकावून घेणाऱ्याच्या तोंडी शोभत नाही. तिथे ते अध्यात्म उरत नाही, अन्यायावरचं पांघरूण होतं.

1971 मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमने पेजला सन्मान द्यायचं ठरवलं, तेही आधी वेगळ्या दालनात. टीका झाली, तेव्हा कुठे त्याला इतरांच्या बरोबरीची जागा मिळाली. हा सन्मान घ्यायला तो निदान जिवंत होता. त्याचा समकालीन फलंदाज जॉश गिब्सन जानेवारी 1947 मध्ये, वयाच्या 35 व्या वर्षी वारला. त्यानंतर तीनच महिन्यांनी ही वर्णबंदी मोडत कृष्णवर्णीय जॅकी रॉबिन्सन मेजर लीगमध्ये उतरला. 2024 मध्ये कृष्णवर्णीयांच्या संघांच्या, म्हणजे निग्रो लीगच्या, सामन्यांचे आकडे मेजर लीगच्या नोंदींत धरले गेले आणि .372 सरासरीचा गिब्सन आधी पहिल्या असलेल्या टाय कॉबला मागे टाकून कारकिर्दीतल्या फलंदाजी सरासरीच्या यादीत पहिला आला.

ही दुरुस्ती आवश्यकच होती. तिच्यामुळे नोंदवही खरी झाली. पण गिब्सनला ती पोहोचली नाही आणि पेजची उमेदीची वर्षंही तिने परत केली नाहीत. तिला चुकीची कबुली म्हणावं. भरपाई म्हणू नये.