वारसा आणि दोष

आसेगावात काय, किंवा वाशीम जिल्ह्यातील दुसऱ्या कोणत्याही खेड्यात काय, एखाद्या स्त्रीस स्तनाचा कर्करोग झाला म्हणजे घरच्यांना पुष्कळदा औषधाआधी मुलींच्या लग्नाची चिंता पडते. "घराण्यातच खोट आहे," असे लोक म्हणतील या भयाने रोग झाकला जातो. तर वारशाने आलेल्या रोगाचा दोष कोणावर ठेवावा, आणि तो लपविणे योग्य काय?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. हा रोग काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालतो, याचे एक कारण १७ व्या गुणसूत्रावर आहे, असे अमेरिकेतील मेरी-क्लेअर किंग या विदुषीने १९९० मध्ये दाखविले. तेथील जनुकास बीआरसीए १ म्हणतात. पुढे बीआरसीए २ हेही सापडले. ही जनुके आपणा सर्वांच्या शरीरात असून पेशींतील बिघाड दुरुस्त करण्यास साहाय्य करतात. त्यांतच हानिकारक बदल असला, तर रोगाचा संभव फार वाढतो. तथापि रोग होतोच असे नाही. शिवाय शंभर रुग्णांपैकी सुमारे ५ ते १० जणींचाच रोग अशा वारशाने आलेला असतो. हा बदल मातेकडून येतो तसाच पित्याकडूनही येतो, आणि ज्याच्या ठायी तो आहे त्याच्या प्रत्येक अपत्यास मिळण्याचा संभव निम्मा असतो. मग केवळ सुनेच्या माहेरास बोल लावणे अन्याय नव्हे काय?

जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनीही असाच दोष शोधला होता. प्रभूने तो ना त्याच्यावर ठेवला, ना त्याच्या आईबापांवर.

कोणी म्हणेल, "दोष नाही, तर बोलावे कशाला?" आम्ही म्हणतो, दोष नाही म्हणूनच बोलावे. विहिरीची पायरी निखळली, हा पाणी भरणारीचा अपराध नव्हे. परंतु ठाऊक असून मागून येणाऱ्या मुलीस न सांगणे हा अपराध होय. जिच्या लग्नासाठी आपण रोग झाकतो, तिचीच वेळीच तपासणी होण्याची संधी आपण हिरावून घेतो.

यास्तव आई, बहीण, मावशी वा आत्या यांपैकी कोणास तरुण वयात हा रोग झाला असेल, घराण्यात अंडाशयाचा कर्करोग असेल, किंवा एखाद्या पुरुषास स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर ते डॉक्टरांस स्पष्ट सांगावे. मुंबईच्या टाटा रुग्णालयात अशा कुटुंबांस सल्ला व जनुकांची तपासणी मिळते. पूर्वजांकडून काय मिळावे हे आपल्या हाती नाही. मुलींस सत्य सांगणे मात्र आपल्या हाती आहे.