लाइन कोणाची?

वर्धा जिल्ह्यातल्या नाचणगावच्या शिवारात हिवाळ्यात सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न कापसाच्या भावाचा नसतो. तो असतो, "लाइन आली का जी?" गव्हाला, चण्याला पाणी द्यायचं असतं, मोटर विहिरीवर तयार असते, आणि माणूस बांधावर उभा राहून शेजाऱ्याला विचारत असतो. पुण्याचा पाहुणा सोबत असला तर तो इकडेतिकडे रांग शोधतो. त्याच्याकडे 'लाइट' जाते. घरातली ट्यूब विझली तर आमच्याकडेही लाइटच जाते. पण मोटर थांबली की लाइन गेली. लाइट घरातली, लाइन बाहेरची, हा भेद इथलं शेंबडं पोरही चुकत नाही.

शेतीपंपांना थ्री फेज वीज पाळीने मिळते. दिवसाची पाळी 8 तासांची, रात्रीची 10 तासांची. दोन तास जास्त म्हणून रात्रपाळी फायद्याची, असं ज्याला वाटतं त्याने जानेवारीतल्या थंडीत एकदा गव्हात पाणी वळवून बघावं. पायाखाली चिखल, हातात बॅटरी, काठाला साप असेल ही धास्ती आणि पलीकडच्या धुऱ्यावर रानडुकरांचा आवाज. त्यावर शेतकऱ्याने काढलेला उपाय म्हणजे 'ऑटो': स्टार्टरला जोडलेला एक स्विच. लाइन आली की मोटर आपोआप सुरू, माणूस घरी झोपलेला. पण एका डीपीवरच्या, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्यांनीच ऑटो लावलेला असतो. लाइन येते त्या क्षणी साऱ्या मोटरी एकदम उठतात, सुरू होताना प्रत्येक मोटर नेहमीपेक्षा कितीतरी पट करंट ओढते, दाब पडतो, फ्यूज उडतो, कधी डीपीच जळते. महावितरण वर्षानुवर्षं सांगतं, ऑटो काढा, कपॅसिटर बसवा. शेतकऱ्याला ते पटतंही. पण शेजाऱ्याने आधी काढावा.

भाषाशुद्धीवाले म्हणतील, 'वीज आली' म्हणायला काय हरकत आहे? हरकत आहे. वीज आमच्याकडे पडते. मृग नक्षत्रात बैल झाडाखाली बांधलेला असताना ती येऊ नये म्हणून हात जोडायचे, आणि पौष महिन्यात तिचीच वाट बघायची, हे एका शब्दाला झेपत नाही. सरकारी मराठीत या लाइनीला 'वाहिनी' म्हणतात. शब्द सुरेख आहे, फक्त तो दूरदर्शनवाल्यांनी आधीच नेला. लाइनमनच्या बारशांना तर अंत नाही. कागदोपत्री तो तारतंत्री होता, मग तंत्रज्ञ झाला, महावितरणने त्याला जनमित्रही केलं. रात्री 11 वाजता जम्पर तुटला की लोक हाक मारतात, "लाइनमन भाऊ!"

इंग्रजी शब्द मराठीत शाळेच्या दारातून आले, शिकलेल्यांनी आणले, असं आपण सहसा धरून चालतो. काही आलेही असतील. लाइन मात्र शिक्षकाने आणली नाही. इथे ती रुळांवरून आली, खांबांवरून आली, खरेदी केंद्राच्या फाटकातून आली. अक्षरओळख नसलेल्यांनीही ती बिनबोभाट घेतली, स्त्रीलिंगी केली, तिचं अनेकवचन लाइनी केलं आणि तोंडात घोळवून 'लायन'ही केलं. ओळ, रांग, रेषा, तार, वाट या सगळ्या आधीच स्त्रीलिंगी असताना तिला घरात जागा मिळायला काय वेळ लागणार?

पहिली मोठी लाइन रेल्वेची. जीआयपी रेल्वे 1867 साली नागपूरला पोचली. तिने वर्धा नदी जिथे ओलांडली तिथे स्टेशन झालं, आणि पुलामुळे गावाचं नाव पुलगाव पडलं. नाचणगाव जुनं, पुलगाव नवं. पण लाइन पुलगावातून गेली, म्हणून कापूस गिरणी पुलगावात, बाजारपेठ पुलगावात, पुढे दारूगोळ्याचं मोठं लष्करी भांडार पुलगावात. आज दोन्ही गावं एकमेकांना चिकटली आहेत, तरी नगरपालिका त्यांची आणि ग्रामपंचायत आमची. इंजिनिअरने नकाशावर ओढलेल्या एका रेघेने कोण थोरलं आणि कोण धाकटं हे ठरवलं, आणि नाचणगावाला कोणी विचारलं नाही. (विचारलं असतं तरी आमच्या वाडवडिलांनी कदाचित जमीन द्यायला नकारच दिला असता, तो भाग वेगळा.)

पुलगावाहून आर्वीला 1917 साली नॅरो गेज सुरू झाली, अडीच फुटांची. रूळ किलिक निक्सन या खासगी पेढीच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचे, गाडी चालवणारे दुसरेच. स्वातंत्र्यानंतरही मालकी खासगीच राहिली. पुढे ती लाइन बंद पडली. कोणाच्या इच्छेने सुरू झाली हे जसं आर्वीकरांना कळलं नव्हतं तसंच बंदही कोणाच्या इच्छेने झाली ते कळलं नाही.

रेल्वेनेच आपल्याला 'लाइन क्लिअर' दिलं. सोयरीक जमली, कर्ज मंजूर झालं, साहेब रजेवर गेले की आपण म्हणतो, लाइन क्लिअर. मूळ व्यवहार मात्र बघण्यासारखा आहे. स्टेशनमास्तर आपल्या स्टेशनातून गाडी आपल्या मर्जीने सोडू शकत नाही. तो पुढच्या स्टेशनाला विचारतो. पुढचा मास्तर लाइन क्लिअर देतो. मग गाडी हलते. एकेरी मार्गावर यंत्रातून निघालेला लोखंडी गोळा ड्रायव्हरच्या हाती पडल्याशिवाय गाडी पुढे जात नसे. म्हणजे मोकळीक आपली, पण ती देणारा पुढच्या स्टेशनात बसलेला.

इथे मला या शब्दाची खरी नस सापडते, आणि ती क्रियापदांत आहे. लाइन येते, जाते, मिळते, लागते, कटते. या वाक्यांत आपण कर्ते नसतो. फोनची लाइन मिळत नसे, मिळाली तर दुसऱ्याचीच क्रॉस लाइन लागे. पोलिस लाइन, सिव्हिल लाइन, कोल्हापूरचा लाइन बाजार ही वस्त्यांची नावंसुद्धा साहेबाने आखून दिलेल्या ओळींची. पाटीलपुऱ्याला किंवा माळीपुऱ्याला कोणी लाइन म्हणत नाही. पुरा वसतो, लाइन बसवली जाते.

रांग आणि लाइन यांतही हाच फरक आहे. पंगतीत रांग असते, वारीत रांग असते, मुली रांगोळीच्या ठिपक्यांची रांग काढतात. पण रॉकेलची लाइन, नोटाबंदीत बँकेपुढची लाइन. 1972 मध्ये कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि विदर्भाला या शब्दाचा एक नवा, लांबलचक अर्थ मिळाला. केंद्रावर बैलगाड्या लागायच्या. बैल सोडून गाडीखाली झोपायचं, गाडी दोन हात पुढे सरकली की उठायचं. आत ग्रेडर कापूस हातात घेऊन, बोटांनी ओढून प्रत ठरवणार, आणि त्या प्रतीवर वर्षाचा हिशेब. "लाइनीत आहो" एवढंच उत्तर घरी निरोप म्हणून पुरत असे. गाड्यांच्या जागी ट्रॅक्टर आले, एकाधिकार गेला, आता भारतीय कापूस महामंडळ म्हणजे सीसीआय आहे. हंगामात लाइन आहेच.

मग माणूस स्वतः लाइनीचं काय करतो? पोरगा सायन्स लाइन घेतो, बाप म्हणतो "एकदाचा लाइनीला लागला पाहिजे". इथेही लागणंच. एखाद्याने 'लाइन सोडली' तर तो वाया गेला असं समजतात. वर्धा जिल्ह्यात 1975 पासून दारूबंदी आहे, त्यामुळे 'त्या लाइनीतला माणूस' म्हटलं की आणखी खुलासा लागत नाही; नदीपलीकडे अमरावती जिल्हा आहे आणि पूल सर्वांसाठी मोकळा आहे.

शोधत गेलो तर आपण पुरेपूर कर्ते असलेले दोनच प्रयोग ठळक दिसतात. एक, लाइन मारणे. दुसरा, लाइनीवर आकडा टाकणे. पहिल्याला घरचे रागावतात, दुसऱ्याला महावितरणचं भरारी पथक पकडतं. लाइन आपली करायला गेलं की गुन्हा किंवा लफडं, मधली सभ्य जागा भाषेने ठेवलेली नाही. मला हे केवळ भाषेचं वैशिष्ट्य वाटत नाही. दीडशे वर्षं लोकांनी ज्या ज्या यंत्रणेला लाइन म्हटलं तिचा कारभार त्यांनी असाच अनुभवला, आणि क्रियापदांनी तो चोख नोंदवून ठेवला. राग वाक्यात कुठेही नाही. 'लाइन गेली' हे आपण 'पाऊस गेला'च्याच सुरात म्हणतो. पावसाला जाब विचारता येत नाही हे खरं. पण लाइनीच्या मागे वेळापत्रक असतं, सही असते, अधिकारी असतो. तो सूर पकडला गेल्यामुळे जाब विचारण्याची सवयच लागली नाही, अशी मला शंका आहे.

आता सौरपंप आलेत. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना 2024 ची. 10 टक्के रक्कम शेतकऱ्याने भरायची, अनुसूचित जाती-जमातींसाठी 5 टक्के. वीजजोडणीचं कोटेशन भरून 'पेड पेंडिंग' यादीत वर्षानुवर्षं अडकलेल्या शेतकऱ्यांपुढे लाइनीऐवजी हाच मार्ग ठेवला आहे. दिवसा पाणी, रात्रीचं जागरण नाही, बिल नाही. ढगाळ दिवसात पंप नीट फेकत नाही, पण ते निदान डोळ्यांनी दिसतं. आणि भाषा लगेच बदलली आहे: लोक म्हणतात, "सौर घेतलं", "सौर बसवलं". चक्क सकर्मक क्रियापदं, कर्ता शेतकरी! पाच वर्षं दुरुस्तीची जबाबदारी पुरवठादार कंपनीवर आहे. कंट्रोलर बिघडला तर टोल फ्री नंबर लावायचा, आणि पलीकडून आधी रेकॉर्ड केलेला गोड आवाज येतो, कृपया लाइनवर राहा.