आडनाव झाकणे हा मुसावाद आहे काय?

गेल्या वैशाख पौर्णिमेला उमरीच्या विहारात वंदना आटोपली आणि खीरदान चालू असताना एक वाद उपस्थित झाला. माझी भाची नोकरीनिमित्त कल्याणला राहते. देवगिरी एक्सप्रेसने ती त्याच दिवशी गावी आली होती. तिच्या मोबाइलवर तिचे नुसते नाव आहे, आडनाव नाही. फोटोच्या जागी मोगऱ्याचे फूल आहे. बाकीचे फोटो ती ज्यांना परवानगी देईल त्यांनाच दिसतात. आमच्या एका वयोवृद्ध उपासकांनी ते पाहिले आणि सर्वांसमक्ष तिला विचारले, "काहून लपायलीस, बाई? बाबासाहेबांनी तुला उजेडात आणलं ते काय फुलाआड बसायला? अन् आता पंचशील म्हणलीस ना? त्यात खोटं बोलायचं नाही असं हाय का नाही?"

ती म्हणाली, "आजोबा, मी खोटं कुठं बोलले? कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

"पर विचारलं तर?"

यावर ती गप्प झाली. मीही गप्प झालो, कारण उत्तर माझ्यापाशी तयार नव्हते. ते शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. अनोळखी नजरेपासून आपले खाजगी आयुष्य झाकणे, विशेषतः मुलींनी, यात वावगे काहीच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला आहे. परंतु आपल्या माणसाचे कारण त्याहून जुने आहे. आडनाव, गाव आणि भिंतीवरचा फोटो या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की पाहणाऱ्याचा हिशेब पुरा होतो. मग खोली रिकामी असली तरी "कालच दिली" असे उत्तर मिळते. आणि गोष्ट खोलीवर थांबतेच असे नाही. मे २०१५ मध्ये शिर्डीत मोबाइलच्या घंटीवर बाबासाहेबांचे गीत वाजले एवढ्या कारणावरून एका तरुणाला ठार केल्याचे आपण सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचले. आपल्या नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत १ जून २०२३ रोजी एका तरुणाची हत्या झाली. भीमजयंती साजरी केल्याचा राग हे त्या गुन्ह्याचे कारण म्हणून नोंदले गेले. असे असता मुलीने फूल लावले तर तिला भित्री कोण म्हणेल?

आता शीलाचा विचार करू. चौथे शील मुसावादापासून विरत राहण्याचे आहे. बावीस प्रतिज्ञांतही खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा आहे. परंतु जो कोणी विचारील त्याला आपले सर्व काही सांगावे, असे शीलात कोठेही नाही. सुत्तनिपातात एक प्रसंग आहे. कोसल देशी सुंदरिका नदीच्या काठी तथागत मस्तकावरून वस्त्र घेऊन बसले होते. सुंदरिक भारद्वाज नावाचा ब्राह्मण होम आटोपून, उरलेला हव्यशेष कोणाला द्यावा म्हणून योग्य मनुष्य शोधत तेथे आला. पायरव ऐकताच तथागतांनी मस्तक उघडे केले. मुंडन पाहून ब्राह्मण बिचकला, परत फिरू लागला, मग विचार करून त्याने जात विचारली. तथागतांनी जात सांगितली नाही. जन्म विचारू नकोस, आचरण विचार, असा त्यांच्या उत्तराचा आशय आहे.

या प्रसंगात दोन गोष्टी घडल्या, त्या नीट पाहिल्या पाहिजेत. मस्तक त्यांनी स्वतः होऊन उघडे केले; आपण श्रमण आहोत हे झाकले नाही. जात मात्र सांगितली नाही, कारण विचारणारा ती तराजूत घालण्यासाठी विचारत होता. त्याच सुत्तनिपातात दुसरीकडे, संबोधीपूर्वी राजा बिंबिसाराने कुळ विचारले तेव्हा त्यांनी आपण शाक्य आहोत हे सरळ सांगितले. म्हणजे प्रश्न एकच असला तरी विचारण्याचा हेतू एक नसतो, आणि विचारणाऱ्याच्या हेतूकडे पाहून मौन धरण्याला मुसावाद म्हणता येणार नाही.

येथे कोणी म्हणेल, मौन ठीक, पण खोटे नाव सांगितले तर? या प्रश्नावर बडोद्याचा प्रसंग आठवल्याशिवाय राहत नाही. १९१७ साली बाबासाहेब बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना राहण्यास जागा मिळेना. ते पारशांच्या एका धर्मशाळेत गेले. अंगात सदरा-कस्ती नाही हे पाहून तेथल्या रखवालदाराने विचारले, आणि त्यांनी आपण हिंदू असल्याचे सांगितले. धर्मशाळा पारशांपुरती होती. पण रखवालदारालाही भाडेकरू हवाच होता. दिवसाला दीड रुपया ठरला आणि वहीत पारशी नाव लिहिले गेले. अकराव्या दिवशी डझनभर पारशी हातात काठ्या घेऊन दाराशी आले. संध्याकाळपर्यंत जागा सोडावी लागली. हिंदू मित्र आणि ख्रिस्ती मित्र, दोघांकडेही आसरा मिळाला नाही. कामाठी बागेत पाच तास बसून ते रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले.

हा प्रसंग आपल्याला माहीत आहे तो बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला म्हणून; अठरा वर्षांनंतर लिहितानाही त्या आठवणीने डोळ्यांत पाणी येते, असे त्यांनी नमूद केले. लपावे लागले, ही गोष्ट त्यांनी लपवली नाही. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेतही, १९६३ सालच्या त्याच नावाच्या संग्रहात, परगावी नोकरीस गेलेला तरुण आसऱ्यासाठी जात झाकतो. कथेचे नाव मात्र कबुलीचे आहे. चोरी केली हे सांगणारा चोर निराळा असतो.

तिसरा प्रकार अर्जातला. १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या होत्या. १९५६ मध्ये शिखांना त्या मिळाल्या, बौद्धांना १९९० मध्ये. महाराष्ट्र राज्याने आपल्यापुरत्या सवलती १९६० पासूनच दिल्या, पण केंद्राच्या नोकरीला त्या लागू नव्हत्या. म्हणून १४ ऑक्टोबर १९५६ नंतरची चौतीस वर्षे कित्येक घरांत सकाळी बुद्धवंदना झाली आणि दुपारी अर्जात 'हिंदू' लिहिले गेले. हे खोटे होते काय? मी म्हणतो, होते. त्याला सत्य म्हणण्याची कसरत मी करणार नाही. परंतु ज्याने भाकरी आणि धम्म यांपैकी एकच निवड असा अर्ज छापला, त्याच्या माथी त्यातला मोठा वाटा जातो. आज ती सबब उरलेली नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे ६५ लाख ३१ हजार बौद्ध नोंदले गेले. २०२७ ची जनगणना जातीसह होणार असल्याचे जाहीर झाले आहे. १९४८ च्या जनगणना कायद्याप्रमाणे प्रत्येक व्यक्तीची माहिती गुप्त ठेवली जाते. तेथे घरमालक वाचायला बसलेला नाही. त्या रकान्यात 'बौद्ध' न लिहिणाऱ्याला मात्र मी हटकीन.

नवदीक्षित कुटुंबांत याहून अवघड प्रकार घडतो, आणि तो मी जवळून पाहिला आहे. दीक्षा घेतली, देव्हारा काढला. पण पाहुणे किंवा शेजारी येणार म्हटले की ट्रंकेतला देवाचा फोटो बाहेर येतो, त्यापुढे उदबत्ती लागते, आणि घरातले लेकरू ते सगळे पाहत असते. न सांगणे आणि सोंग करणे या एक नव्हेत. उंबऱ्याबाहेर गप्प राहिलेला मनुष्य घरात आला की मोकळा होतो. सोंग करणाऱ्याला घरही उरत नाही. त्या लेकराला मग खरे कोणते, सकाळचे की संध्याकाळचे, हे कोणी सांगायचे? मोबाइलवर खोटे नाव घेऊन दुसऱ्याला शिवीगाळ करणारे असतात, त्यांचा विचार येथे करण्याचे कारण नाही. ते आडोशाला मारण्यासाठी उभे असतात. आपण बोलत आहोत मार चुकवणाऱ्यांविषयी.

मार चुकवू नये, असेही मानणारे होते. २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत मंजूर झाला आणि मराठवाड्यात घरे पेटली. आपल्याच जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे ४ ऑगस्टला मारले गेले. अखेरपर्यंत त्यांनी 'जयभीम' म्हणणे सोडले नाही, असे सांगतात. त्यांच्यापुढे मस्तक नमते. परंतु हौतात्म्य हे स्वतःहून द्यायचे असते. विहारात खिरीची वाटी हातात घेऊन दुसऱ्याच्या मुलीकडून ते मागता येत नाही. त्या वृद्ध उपासकांना मी हेच बोललो, थोडे कडकच बोललो. त्यांना ते लागले असावे. ते खीर न संपवता उठले. दुसऱ्या दिवशी मीच त्यांच्या घरी जाऊन आलो.

त्या ऑगस्टात मी नऊ वर्षांचा होतो. आईने भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो उतरवला, लुगड्याच्या धडप्यात गुंडाळला आणि ज्वारीच्या कणगीत खोल पुरला. मी विचारले, "माय, बाबा कुठं गेले?" तिने मला कणगीपाशी नेले, माझा हात धरून ज्वारीत कोपरापर्यंत घातला आणि चौकट हाताला लागेपर्यंत सोडला नाही. किती दिवस फोटो आत होता ते मला आठवत नाही. रोज निजण्यापूर्वी ती आम्हा भावंडांना कणगीकडे तोंड करून हात जोडायला लावी, हे आठवते.

तो फोटो आजही आमच्या घरी आहे. काचेच्या आत, खालच्या कोपऱ्यात, ज्वारीचा भुसा अडकून राहिला आहे. तो आम्ही काढला नाही. परत जाण्यापूर्वी भाचीने त्याचा मोबाइलवर फोटो काढून घेतला. फुलाच्या जागी लावला नाही. कल्याणच्या खोलीत तिच्यासोबत राहणाऱ्या मुलीला मात्र दाखवला, आणि कणगीची हकीकतही सांगितली, असे तिने परवा फोनवर मला सांगितले.