बुटांची पाळी

माजरीत सगळं पाळीनं चालतं. कोळशाच्या खाणीत पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. नळाला पाणी येतं तेही पाळीनं. त्यामुळे दोन चुलत बहिणींत मिळून एकच बूटजोडी आली, तेव्हा आजोबांनी, म्हणजे आबाजींनी, जागेवरच निकाल दिला, "पाळी लावा. भांडता काहून?"

ही २०२३ च्या जुलैतली गोष्ट. दोघींनाही पोलीस भरतीत उतरायचं होतं. थोरली एकवीस वर्षांची, धाकटी एकोणीसची. बूट वरोऱ्याहून आणलेले आणि थोरलीच्या मापाचे. धाकटी पुढच्या टोकात कापसाचा बोळा कोंबून घालायची. बोळा रोज नवा लागे, कारण घामानं तो दगडासारखा घट्ट व्हायचा. सोम, बुध, शुक्र थोरलीचे. मंगळ, गुरू, शनि धाकटीचे. रविवारी बूट धुवायचे. बादलीतलं पाणी पहिल्या खेपेला शाईसारखं काळं निघे, कारण इथल्या रस्त्यावर धुळीच्या जागी कोळशाची भुकटी असते. दुपारभर बूट पत्र्यावर उलटे पडून असत.

पहाटे साडेचारच्या अंधारात पोरीनं एकटीनं पळायचं नाही हा घरचा दंडक, म्हणून पाळी नसलेलीही सोबत जायची. एक मैदानाचे राउंड मारी, दुसरी मोबाइलवर वेळ लावी आणि उरलेल्या वेळात चार किलोचा गोळा फेकत बसे. भरतीत मुलींना ८०० मीटरला २० गुण, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५, असं ५० गुणांचं ग्राउंड असतं. त्यातून निघालं की १०० गुणांची लेखी. धाकटीनं बिनबुटाच्या दिवसांत गोळा आणि अंकगणित दोन्ही धरलं. थोरलीला मात्र ते दिवस वाया गेल्यासारखे वाटत. एकदा ती अनवाणीच पळाली आणि तळव्यात गिट्टीचा खडा घेऊन परत आली.

पण आकडे काय सांगत होते? जुलैत दोघी ८०० मीटरला चार मिनिटांच्या वर होत्या. दसऱ्यापर्यंत दोघीही साडेतीनच्या आत आल्या. आठवड्यातून फक्त तीन दिवस पळून.

दसऱ्याच्या तोंडावर खाणीत बोनस झाला. थोरलीच्या वडिलांनी तिला नवी जोडी घेतली, निळ्या पट्ट्याची. जुनी धाकटीची झाली, बोळ्यासकट. त्या दिवशी थोरलीनं जो हिशेब मांडला तो तिच्या वयात मीही मांडला असता: तीन दिवस पळून एवढं, तर सहा दिवस पळून दुप्पट. संध्याकाळचं ग्राउंड धरलं तर विचारूच नका. भरतीची तयारी करणारी पोरं सगळी 'दोन टाइम ग्राउंड' करत होती, आणि त्यांच्यात मागे राहायला ती तयार नव्हती. रविवारही गेला. बूट धुणं बंद झालं.

धाकटी मात्र तिच्या मंगळ-गुरू-शनिवरच राहिली. त्यात काही शहाणपण होतं असं नाही. बाकीच्या दिवशी आईसोबत पहाटे डब्यांच्या पोळ्या लाटायला आता तिला घरी असावं लागे, एवढंच.

नोव्हेंबर सरता सरता थोरली तीन मिनिटं सहा सेकंदांवर आली. धाकटी तीन-अठरावर होती. गल्लीत सगळ्यांनी मान डोलावली. आबाजींनी नाही.

आबाजी उघड्या खाणीत टायर सेक्शनला तीस वर्षं होते. साठ टनी डंपरचा टायर माणसाहून उंच असतो आणि त्याच्याशी आयुष्य काढलेल्या माणसाला कुठलीही गोष्ट टायरवरूनच कळते. अंगणातल्या बाजेवर बसून त्यांनी थोरलीला हाक मारली.

"इकडं ये वं. टायर कायनं फुटते, सांग बरं?"

"वजनानं."

"वजनाचं त्याले काई नाई. वजन पेलाले तर तो बनलाच हाय. तो फुटते गरमीनं. फिरता फिरता रबर आतल्या आत दबते, सुटते, दबते, सुटते. त्यानं आत गरमी होते, अन रबरातून गरमी लवकर भायेर निघत नाई. वरून हात लावून पाहा, टायर चांगला. आतमधी थर सुटून राह्यले. अन मंग एक दिवस चालू गाडीत..." त्यांनी दोन्ही तळहात झटकन उघडले.

डंपरचा टायर घेताना किती टन घेऊन, ताशी किती वेगानं, दिवसभरात एकूण किती धावणार, याचा हिशेब खरंच करतात. टन आणि ताशी किलोमीटर गुणून जो आकडा येतो तो टायरच्या मर्यादेपेक्षा वर गेला, तर एक खेप कमी करतात किंवा गाडी उभी ठेवतात. मे महिन्यात चंद्रपूरकडे पारा ४६-४७ वर जातो तेव्हा तर आबाजी डंपर ऑपरेटरशी भांडून गाडी उभी करवीत.

"आबाजी, मी का डंपर हाय?" थोरली हसली.

"तेच तर म्हणतो. टायर थंडा होते, बस. रातभर ठेवला म्हून सकाळी जाड होत नाई. तुह्या अंगाचं तसं नाई." त्यांनी आपला तळवा पुढे केला. बोटांच्या मुळाशी पिवळट घट्टे होते, सेवानिवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी न गेलेले. "पयल्या महिन्यात इथं फोड आले होते. मी रोज पाना धरला, तं फोड फुटून रक्त आलं. मंग मिस्तरीनं दोन दिवस दुसऱ्या कामाले लावलं. तवा हे धरले. घट्टा पान्यानं येते हे खरं, पण पाना ठेवल्यावर येते."

थोरलीनं ऐकून घेतलं आणि संध्याकाळी ग्राउंडला गेली. ऐकणाऱ्यानं ऐकलं आणि कथा तिथेच संपली, असं एकविसाव्या वर्षी कुणाचंच होत नसतं.

जानेवारीत तिची वेळ तिथंच अडली. मग तीन-दहा झाली. ती आणखी पळाली. उजव्या नडगीत आतल्या बाजूनं दुखू लागलं. त्याला ही पोरं 'शीन पेन' म्हणतात आणि एखादा मलम चोळून पुढे पळतात. आधी दुखणं पहिल्या राउंडपुरतं होतं, मग पूर्ण ग्राउंडभर, मग जिना चढताना, मग रात्री झोपेत. वजन कमी करायचं म्हणून तिनं रात्रीचं जेवण अर्ध्यावर आणलं होतं. दोन महिने तिची पाळीही आली नव्हती. ते तिनं कुणालाच सांगितलं नाही, उलट कटकट गेली म्हणून बरंच वाटलं.

चंद्रपूरला हाडाच्या डॉक्टरांकडे गेल्यावर पहिल्या एक्स-रेत काहीच दिसलं नाही. थोरलीला तेवढंच हवं होतं. डॉक्टरांनी मात्र नडगीवर अंगठा फिरवत नेला आणि एका रुपयाएवढ्या जागी आणला तशी ती ओरडली. तीन आठवड्यांनी पुन्हा काढलेल्या एक्स-रेत त्या जागी हाडावर धुरकट गाठ दिसली. बारीक तडा गेला होता आणि हाड तो सांधायच्या खटपटीत होतं. मग त्यांनी पाळीचं विचारलं. आई शेजारीच बसलेली. थोरली खाली बघून बोलली.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचं वाटतं. पळण्यानं हाडावर जोर आला की शरीर आधी तिथलं जुनं हाड पोखरून काढतं, मग नवं भरतं. पोखरणं लवकर होतं, भरायला आठवडे लागतात. मधल्या काळात हाड आधीपेक्षाही कच्चं असतं. छाती आणि दम काही आठवड्यांत तयार होतात, स्नायूही. हाड मागून येतं. त्यामुळे नव्यानं पळणाऱ्याला नेमकं अशा वेळी वाटतं की आता आपल्याला काहीच जड नाही. त्यात पोटभर खाणं नाही आणि पाळी थांबलेली, म्हणजे भरायला लागणारा मालच बंद.

हे दुखणं जुनं आहे आणि रंगरुटांचंच आहे. प्रशियाच्या लष्करातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या शल्यविशारदानं १८५५ सालीच कवायतीनं सुजून दुखणाऱ्या सैनिकांच्या पावलांबद्दल लिहून ठेवलं. ते हाडातले तडे आहेत हे क्ष-किरण सापडल्यावर कळलं. माजरीच्या पोरीला ते कळायला अडीच महिने लागले, म्हणजे फार नाही.

आठ आठवडे पळणं बंद. पोटभर जेवण, दूध, अंडी.

या काळात ती पहाटे मैदानावर येऊन बसायची. मोबाइल तिच्या हातात, पळणं धाकटीचं. तिथं बसून तिनं पहिल्यांदा नीट पाहिलं की धाकटी काय करते. मंगळवारी तोंडातून शब्द फुटणार नाही असं जोरात, गुरुवारी बोलत बोलत हळू, शनिवारी पुन्हा जोर. होळीनंतर धाकटीनं चौथा दिवस घेतला, रविवारचा, तोही हळूच. चौथ्या दिवशी पाय जड वाटले, तर पुढच्या आठवड्यात तो सोडून दिला. फेब्रुवारीत ती तीन-पाचवर आली, एप्रिलमध्ये तीन मिनिटांच्या आत. एकेका महिन्यात चार-पाच सेकंद, पाहणाऱ्याला कंटाळा येईल असे.

त्या वर्षी १७,४७१ जागांची भरती निघाली होती आणि १९ जून २०२४ पासून राज्यभर मैदानी चाचण्या सुरू झाल्या. भर पावसाळ्यात. चिखलाचं मैदान, भिजलेले बूट. दोघीही चंद्रपूरला गेल्या. धाकटीनं जुन्याच जोडीत नवा बोळा कोंबला. थोरलीचं पळणं सुरू होऊन जेमतेम महिना झाला होता. ती पळाली, ८०० मीटर पूर्ण केले, पाय टिकला. गुण यायचे तेवढेच आले आणि लेखीच्या यादीत नाव लागलं नाही. येताना बसमध्ये दोघी एका सीटवर बसल्या. कोण काय बोललं ते त्यांनाच ठाऊक.

धाकटी लेखीतून निघाली, निवडली गेली, प्रशिक्षणाला गेली. तिथं बूट सरकारी मिळतात, त्यांत बोळा लागत नाही असं तिनं फोनवर सांगितलं. जुनी जोडी ती ओसरीवरच्या खिळ्यालाच अडकवून गेली होती.

पुढच्या हिवाळ्यात एका पहाटे आबाजींना जाग आली तर ओसरीवर थोरली उभी. स्वेटर घातलेला, केस घट्ट बांधलेले, निळ्या पट्ट्याचे बूट हातात. बाहेर धुकं होतं, थंडी मस्त पडली होती, पळायला याहून चांगली पहाट मिळत नाही.

"आज कोन वार हाय वं?" आबाजींनी पांघरुणातूनच विचारलं.

ती थोडी थांबली.

"मंगळवार."

"मंग?"

थोरलीनं खिळ्याकडे पाहिलं. निळे बूट जुन्या जोडीशेजारी ठेवले आणि गोळा उचलून परसात गेली.

"आज तिची पाळी हाय," ती म्हणाली.