पौर्णिमेनंतरच्या रात्री

पोवळे म्हटले की अंगठीतला लाल खडा आठवतो. समुद्रात मात्र प्रवाळ म्हणजे इवल्या जिवांची वसाहत. जागचे न हलणाऱ्या या जिवांना जोडीदार गाठायचा कसा?

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर संशोधक पीटर हॅरिसन आणि त्यांचे तरुण सहकारी रात्री पाण्यात उतरत. तिकडच्या वसंतातली पौर्णिमा उलटून काही रात्री गेल्या, अंधार पडला, आणि कितीतरी जातींच्या प्रवाळांनी अंडी व शुक्राणूंचे गुलाबी मणी एकाच वेळी सोडले. जणू उलटा पाऊस, तळातून वर जाणारा! तोवर बहुतेक प्रवाळ अळ्या पोटातच वाढवतात, असा समज होता. १९८४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात सहा संशोधकांच्या नावांनी हा शोध छापून आला. मणी एकदम इतके येतात, की माशांनी कितीही खाल्ले तरी पुष्कळ उरतात.

पुढे पाणी तापून प्रवाळ पांढरे पडून मरू लागले. हॅरिसन यांनी २०१६ मध्ये हेरॉन बेटाजवळ असेच मणी गोळा केले, त्यांतून अळ्या वाढवल्या आणि ओसाड पडलेल्या प्रवाळभित्तीवर सोडल्या. वर्षभराने पाहिले, तर तिथे कोवळे प्रवाळ तग धरून होते.