साडेचार मिलिमीटर

टेबलावर हातभर जागा मोकळी करा. तिथे रुळाचा एक तुकडा ठेवला आहे असं मनात आणा. वीतभर लांबीचा, दोन बारीक चकचकीत रूळ, खाली काळे स्लीपर. मॉडेल रेल्वेच्या कोणत्याही दुकानात मिळतो तोच. दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. त्याच्याकडे थोडा वेळ नुसतं पाहा. घाई करू नका, आज कुठे पोचायचं नाही.

या तुकड्यावर आयर्लंडची गाडी उभी करायची आहे. आयरिश मॉडेल रेल्वेतले बहुतेक लोक ज्या प्रमाणात काम करतात, त्यात खऱ्या एका फुटाचे चार मिलिमीटर होतात, म्हणजे साधारण 76 पट लहान. आयर्लंडचा रूळ पाच फूट तीन इंच रुंद. सव्वापाचाला चारने गुणा. एकवीस येतात. आणि समोर आहेत साडेसोळा. साडेचार मिलिमीटर कमी पडले.

हा फरक मनात धरून ठेवा. लगेच सोडवू नका. खऱ्या मापात तो साडेतेरा इंच भरतो. डबा बरोबर आहे, रंग बरोबर, खिडक्या बरोबर, अंगावरचा क्रमांकही बरोबर. पण समोरून पाहिलं की चाकं पोटाखाली आखडून घेतल्यासारखी दिसतात. ज्याने ती गाडी कधी पाहिली नाही, त्याला काही खटकणार नाही. ज्याचं लहानपण त्या फलाटावर गेलं, त्याला दारातूनच कळेल.

हे पाच फूट तीन इंच आले कुठून? आयर्लंडची पहिली रेल्वे डब्लिन ते किंग्जटाउन, 1834 ची. ती इंग्लंडसारख्याच चार फूट साडेआठ इंचांवर धावली. उत्तरेत अल्स्टर रेल्वेने बेलफास्टहून सहा फूट दोन इंचांचे रूळ टाकले. डब्लिन ते ड्रॉहेडा मार्गाने पाच फूट दोन इंच धरले. तीन कंपन्या, तीन मापं. एकीची गाडी दुसरीच्या रुळावर जाणार नाही. शेवटी ब्रिटिश सरकारच्या व्यापार मंडळाच्या मेजर जनरल पॅस्ली यांनी पाच फूट तीन इंच ठरवले आणि 1846 च्या कायद्याने ते माप पक्कं झालं. या तिघींपैकी कोणाचंही नसलेलं माप साऱ्या बेटाचं झालं. अल्स्टरला आपले रूळ उखडून पुन्हा टाकावे लागले, किंग्जटाउनच्या मार्गाचेही 1857 मध्ये बदलले. आयर्लंडबाहेर हे माप मुख्यतः ऑस्ट्रेलियाच्या काही भागात आणि ब्राझीलमध्ये आढळतं.

साडेसोळाचीही एक कथा आहे, पण ती थोडक्यात पुरे. ब्रिटिश इंजिनं अंगाने लहान; सुरुवातीच्या काळातल्या विजेच्या मोटरी त्यांच्या मॉडेलांच्या पोटात मावेनात. म्हणून वरची गाडी थोडी मोठी केली आणि रूळ होता तोच ठेवला. ती तडजोड आजवर चालू आहे. ब्रिटिश गाड्यांना ती थोडी जाचते, आयरिश गाड्यांना फार. भारतीय ब्रॉडगेजची मॉडेलं करणारेही याच साडेसोळावर येऊन अडतात. आपला रूळ तर साडेपाच फुटांचा.

आता पुन्हा टेबलाकडे या. दोन वाटा आहेत. एक, साडेसोळा मान्य करायचे, दुकानातले रूळ आणायचे आणि गाडी चालवायची. आयर्लंडमधले बहुतेक जण हेच करतात, आणि त्यांच्या गाड्या सुंदर चालतात. दुसरी वाट एकवीस मिलिमीटरची. एकवीसचा रूळ दुकानात सहजी मिळत नाही, तो हाताने टाकावा लागतो. तांब्याचा पातळ थर दिलेल्या पट्ट्यांचे स्लीपर कापायचे, त्यांवर रूळ डाख देऊन बसवायचा, दर दोन बोटांवर अंतर मोजायचं. सरळ रूळ एक वेळ जमतो. सांधे आले की खरा कस लागतो. गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणारी रुळाची पाती कानशीने घासून टोकाशी कागदाइतकी पातळ करावी लागतात, आणि जरा जास्त घासलं तर ती फुकट जातात. मग प्रत्येक डब्याची चाकं काढून लांब आसावर पुन्हा बसवायची. अलीकडे आयरिश रेल्वे मॉडेल्ससारख्या कंपन्या काही गाड्यांत चाकं एकवीसला सरकवता येतील अशी सोय ठेवतात. एवढ्याशा सोयीने कितीजणांची मेहनत वाचली असेल.

मला विचाराल तर मी एकवीसच्या बाजूचा आहे. साडेसोळावाल्यांचं काही चुकतं असं नाही. पण जो माणूस साडेचार मिलिमीटरसाठी वर्षभर वाकून बसतो, त्याने त्या देशाची एक गोष्ट कोणी न सांगता मनावर घेतलेली असते. तुम्ही कोणती वाट धराल? उत्तर देऊ नका. प्रश्न तसाच राहू द्या आणि पुढे चला.

आता रुळावर मालगाडीचा एकच डबा, एकच वाघीण ठेवा. इंजिन नको. ही बीटची वाघीण आहे, साखरेच्या बीटची. तिचा आकार विचित्र आहे: पन्हळी पत्र्याच्या एका उघड्या खोक्यावर दुसऱ्या वाघिणीचा तसाच खोका चढवून जोडलेला, खाली चारच चाकं. बीट जास्त मावावं म्हणून कार्यशाळेत जुन्या वाघिणींवर केलेला हा उपाय. पत्र्याच्या पन्हळीवरून मनातल्या मनात बोट फिरवा. जोडाची रेघ कुठे आहे ते पाहा. वरच्या खोक्याचा गंज आणि खालच्याचा गंज एकसारखा नाही. चांगला मॉडेलकार तो फरकही रंगवतो.

ही वाघीण वेक्सफर्ड परगण्यातल्या वेलिंग्टनब्रिज स्टेशनात भरायची. शेतकरी ट्रॅक्टरने बीट आणायचे, ढीग लागायचे, आणि भरलेली गाडी वॉटरफर्ड, लिमरिक जंक्शन करत मॅलोच्या साखर कारखान्याला जायची. आपल्याकडे गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी कारखान्याचा रस्ता जसा भरून जातो, तसे शरदापासून भर हिवाळ्यापर्यंतचे त्या स्टेशनाचे दिवस बीटच्या गाड्यांनी भरलेले असत. 2006 मध्ये आयर्लंडचा साखर उद्योगच बंद झाला. बीट थांबलं. 2010 मध्ये त्या मार्गावरची प्रवासी गाडीही थांबली.

वाघीण अजून तुमच्यासमोर आहे. आता तीत माल भरा. चिखल लागलेलं बीट, वेडंवाकडं, एकावर एक. भरल्यावर ती वेगळी दिसते का? मला दिसते. रिकामी वाघीण म्हणजे नुसता पत्रा. भरली की तिच्यामागे शेत येतं, कारखाना येतो, पहाटेच्या थंडीत हातमोजे घालून उभा असलेला माणूस येतो. तिथे थोडं थांबा.

मग इंजिन आणा. 1955 आणि 56 मध्ये मेट्रोपॉलिटन-विकर्सने आयर्लंडसाठी साठ डिझेल इंजिनं बांधली, ए वर्गाची. रंग चंदेरी. डिझेल, पावसाळी हवा आणि काजळी यांत तो चंदेरी रंग टिकेना. थोड्याच काळात इंजिनं मळकट दिसू लागली. मग ती हिरवी झाली, काळी झाली, पुढे काळी-नारिंगी झाली. मूळची क्रॉसली कंपनीची यंत्रं त्रास देत होती, म्हणून पुढे पोटात जनरल मोटर्सची यंत्रं बसवली, आणि तीच इंजिनं 1990 च्या दशकापर्यंत राबली. आता हे इंजिन हातात घ्यायचं ठरवलंत, तर कोणत्या दिवसाचं घ्याल? नवंकोरं चंदेरी? की दोन वर्षांनी तेलाचे ओघळ आलेलं? की नारिंगी, सत्तरच्या दशकातलं, ज्याच्या खिडकीत कोणाचे तरी वडील बसायचे? मॉडेलाला ‘साधारण’ चालत नाही. तारीख ठरवावी लागते. या छंदातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच. आठवणी आपण सैल ठेवतो. इथे त्यांना वर्ष विचारलं जातं.

एक दिवस मनात पक्का करा, आणि गाडी सोडा.

किती वेगाने? लहान फाट्यावरची गाडी ताशी चाळीस किलोमीटरने जायची असं धरलं, तर मॉडेलात ती सेकंदाला साधारण पंधरा सेंटीमीटर जायला हवी. टेबलाच्या कडेवर बोट ठेवा. मीटरभर अंतर जायला सात सेकंद लावा. करून पाहा. पहिल्यांदा बोट पुढे धावेल. नव्या माणसाची गाडीही नेहमी फार जोरात धावते. पुन्हा करा. सातपर्यंत मोजत. असं चार वेळा केलंत की आपोआप तो वेग अंगात येतो, आणि मग डबे रुळाच्या जोडांवरून जाताना किंचित कसे हलतात तेही दिसू लागतं.

या प्रमाणात डब्लिन ते कॉर्क हा 266 किलोमीटरचा मार्ग करायचा झाला तर साडेतीन किलोमीटर लांबीची खोली लागेल. म्हणून सगळेच जण काहीतरी सोडतात. एक फलाट ठेवतात, एक सिग्नल, एक माल धक्का, कडेला दगडी पूल. पुलापलीकडे पडद्याआड चार रूळ असतात, तिथून गाडी येते आणि तिथेच जाते. बाकीचा देश त्या पुलाच्या कमानीत पाहणाऱ्याने स्वतः भरायचा. तुम्हीही काय ठेवाल ते ठरवा. सोडलेल्याची यादी करू नका.

नॅरोगेजवाल्यांचं नशीब वेगळं. आयर्लंडच्या पश्चिमेला आणि वायव्येला तीन फुटी रूळ होते: डोनेगॉल, ट्रॅली ते डिंगल, वेस्ट क्लेअर, कॅव्हन-लिट्रिम. तीन फुटांना चारने गुणलं की बारा मिलिमीटर, आणि बारा मिलिमीटरचा रूळ तयार मिळतो. मुख्य मार्गाला जे नेमकेपण हाताने घडवावं लागतं, ते या गरीब फाट्यांना विकत मिळतं. पण त्या मार्गांवर आता पूर्वीसारखी खरी गाडी राहिली नाही. ट्रॅली-डिंगल 1953 मध्ये गेली, डोनेगॉलची 1959 च्या शेवटच्या दिवशी, वेस्ट क्लेअर 1961 च्या जानेवारीत. 1920 च्या सुमारास साऱ्या बेटावर साडेपाच हजार किलोमीटरच्या आसपास रेल्वे होती. आज निम्मीही नाही. मग बारा मिलिमीटरच्या रुळावर धावणारी डोनेगॉलची लाल-पिवळसर रेलकार ही कशाची नक्कल? जिची नक्कल करायची ती गाडी आता आपल्या मार्गावर धावत नाही. लोक जुने फोटो भिंगाखाली धरतात, आराखड्यांवर पट्टी ठेवतात, म्हाताऱ्या चालकांना विचारतात, आणि एखादा खिळा कुठे होता यावर तासभर बोलतात. मला ते बोलणं क्षुल्लक वाटत नाही.

आणि काही गोष्टी कोणत्याच प्रमाणात येत नाहीत. 30 जानेवारी 1925 च्या रात्री डोनेगॉलमध्ये ओवेनकॅरो पुलावर वाऱ्याने डबे रुळावरून उचलले आणि चार माणसं गेली. तो पूल कुणी कितीही नेमका बांधला तरी तो वारा बांधता येत नाही. या चौघांसाठी इथे क्षणभर थांबा. कितीही प्रेम केलं तरी मॉडेल कुठे संपतं, ते इथे कळतं.

सिरिल फ्राय यांचं नाव घेतल्याशिवाय आयर्लंडच्या मॉडेलांबद्दल बोलता येत नाही. ते रेल्वेतलेच. इंचिकोर या डब्लिनच्या मोठ्या कार्यशाळेत आराखडे काढणारे. दिवसभर खऱ्या गाड्यांच्या रेषा ओढायच्या आणि रात्री घरी त्याच गाड्या लहान करून हातांनी घडवायच्या, असं त्यांनी 1920 आणि 30 च्या दशकांपासून केलं. 1972 मध्ये ते गेले. त्यांच्या गाड्या 1988 पासून मॅलाहाइडच्या किल्ल्यात लोकांना पाहायला मिळत. 2010 मध्ये ते दालन बंद झालं आणि जवळपास दहा वर्षं गाड्या नजरेआड राहिल्या. 2020 मध्ये त्याच गावातल्या कसिनो हाउस या गवताने शाकारलेल्या जुन्या बंगलीत त्या पुन्हा मांडल्या गेल्या. डब्लिनमध्ये आता मराठी घरं पुष्कळ आहेत. सुट्टीच्या दिवशी उत्तरेकडची गाडी पकडून मॅलाहाइडला उतरा, स्टेशनातून चालत जाता येतं. ज्या रुळावरून तुम्ही जाल तो पाच फूट तीन इंचांचा आहे. उतरल्यावर एकदा वाकून पाहा.

आणि तुमच्याकडे स्वतःच्या गाड्या असतील, आयरिश असोत की भारतीय, तर एक काम आजच करा. संग्रह करणारा माणूस गेला की खोकी उरतात. मुलं ती विकतात, आणि विकत घेणाऱ्याला दोन मजली पत्र्याची ती वाघीण म्हणजे कसला तरी विचित्र डबा वाटतो. म्हणून प्रत्येक खोक्यात कागदाची एक चिठ्ठी ठेवा. शाईने लिहा: गाडी कोणत्या मार्गावरची, कुठून कुठे जायची, काय भरून, कोणत्या वर्षीची. मॉडेलात तुम्ही काय बदललंत तेही लिहा, साडेसोळा की एकवीस तेही. आणि तो मार्ग बंद झाला असेल, तर बंद झाल्याचं सालही लिहा.